तीन आठवड्यांत पाठवतो

शनिवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली. शनिवारी त्या वेळेला आमच्याकडे फक्त कचरा न्यायला येणाऱ्या मावशी बेल वाजवतात, त्यामुळे मी हातात डस्टबिन घेऊनच दार उघडलं. दारात एक अनोळखी मुलगा. पाठीला लॅपटॉपची सॅक आणि दोन्ही हातांत, तान्हं बाळ धरावं तसा धरलेला एक लाकडी खोका. खोका बघितला आणि मी ओळखलं. तसाच एक खोका आमच्या माळ्यावर आहे.

"सर, अ‍ॅम्प तुमच्याकडेच रिपेअर होतात ना?"

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. चहा घेऊन बसा.

मी काही जन्मजात ऑडिओफाइल वगैरे नाही. मूळचा मिरजेचा. आई गाण्याच्या शिकवण्या घेते, त्यामुळे घरात रोज सकाळ-संध्याकाळ तानपुरा. माझ्या वाट्याला कान आला, गळा आला नाही. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, आणि गाणं ऐकायचं म्हणजे मोबाइलबरोबर फुकट आलेले इअरफोन, इतकंच उरलं. ऑफिसातल्या एका मित्राने एकदा लंचच्या वेळेत त्याचे सेनहायजरचे एचडी ६०० माझ्या डोक्यावर चढवले. हे मॉडेल १९९७ सालचं, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचं. त्यावर किशोरीताईंचा भूप लावला. मागचा तानपुरा सुरू झाला आणि मी चक्क मान वळवून मागे बघितलं. मित्र म्हणाला, "झालं. गेलास तू."

गेलोच. दोन महिन्यांत तेच हेडफोन घेतले. पण या हेडफोनचा इम्पीडन्स ३०० ओहम. म्हणजे करंट फारसा लागत नाही पण व्होल्टेज लागतं, आणि मोबाइल किंवा लॅपटॉपकडे नेमकी त्याचीच चणचण. आवाज येतो, पण गायक तार सप्तकात गेला की सगळंच जरा आक्रसल्यासारखं वाटतं. म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हवा. (पाच-सहा हजारांच्या साध्या अ‍ॅम्पनेही हे काम उत्तम होतं, हे मला आता माहितीये. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. नव्या नव्या भक्ताला साधा देव चालत नाही.)

समोर दोन रस्ते होते. एक म्हणजे मोठ्या कंपनीचा अ‍ॅम्प. दुकानात जा, कार्ड घासा, घरी आणा, बिघडला तर सर्व्हिस सेंटर. दुसरा रस्ता म्हणजे एकटा माणूस. दक्षिणेतल्या एका शहरात आपल्या फ्लॅटच्या एका खोलीत बसून हाताने अ‍ॅम्प बनवणारा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. आपण त्यांना 'सर' म्हणू, मी तसंच म्हणतो.

सरांना मी एका रविवारी फोन केला. चाळीस मिनिटं बोलले! माझे हेडफोन कुठले, मी काय ऐकतो, किती मोठ्याने ऐकतो, घरात अर्थिंग नीट आहे का, सगळं विचारलं. आत एक व्हॉल्व्ह, त्याच्या मागे ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा, इथेच गुंडाळून घेतलेला. प्रत्येक व्हॉल्व्ह आधी दोन दिवस चालवून बघतात आणि नापास झालेले बाजूला टाकतात. मोठ्या कंपनीचा कुठला माणूस तुमच्याशी रविवारी दुपारी अर्थिंगबद्दल बोलेल? मी पाघळलो. किंमत चव्वेचाळीस हजार, सगळे पैसे आगाऊ.

"कधी मिळेल, सर?"

"तीन आठवड्यांत पाठवतो."

हे झालं मे २०२३ मध्ये. खोका आला ऑगस्टमध्ये. अकरा आठवडे! मधल्या काळात मी चार मेल आणि नऊ मेसेज पाठवले, आणि मला एकदा एक फोटो आला. अर्धवट वायरिंग केलेली पेटी आणि खाली 'तुमची'. बस. बायकोला मी किंमत अठरा हजार सांगितली होती, त्यामुळे घरी तक्रार करायचीही सोय नव्हती. अठरा हजारांसाठी इतका कासावीस कशाला होतोस, असं तिने विचारलं असतं.

पण खोका उघडला, आणि खरं सांगतो, सगळं माफ. सोल्डरच्या फ्लक्सचा मंद वास. सागवानी पेटी, जाड अ‍ॅल्युमिनियमचा नॉब, जाळीतून दिसणारा व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड. पहिल्या रात्री तीन वाजेपर्यंत ऐकत बसलो. पुढचं वर्षभर वर्क फ्रॉम होमच्या दिवशी सकाळी दहाला अ‍ॅम्प चालू व्हायचा आणि रात्री आठला बंद. ऑफिसला जायच्या दिवशीही बऱ्याचदा चालूच राहायचा, कारण बंद करायचा आळस. हा आळस लक्षात ठेवा, पुढे त्याचं गणित आहे.

ऑक्टोबर २०२४. चौदावा महिना. (वॉरंटी बारा महिन्यांची. वस्तूंना आपली वॉरंटी वाचता येते असा माझा दाट संशय आहे.) सकाळी अ‍ॅम्प चालू केला आणि डाव्या कानात घूंऽऽऽ. बारीक, पण सतत. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तर अगदी स्पष्ट.

आता घूं कुठला, हे बघणं महत्त्वाचं. ५० हर्ट्झचा घूं असेल तर बहुधा अर्थिंगची भानगड, वायरी आणि प्लग अदलाबदल करून बघायचे. १०० हर्ट्झचा असेल तर पॉवर सप्लायमध्ये गडबड, कारण डीसी करताना मेन्सची दोन्ही अर्धुकं एका बाजूला घेतली की ५० चे १०० होतात. कानाने ओळखणं सोपं आहे, बरोबर एका सप्तकाचा फरक. खर्जातला सा आणि त्याच्या वरचा सा. मी मोबाइलवर टोन जनरेटर लावून तपासलं. वरचा सा. म्हणजे आतलंच काहीतरी गेलं होतं.

सरांना मेल. उत्तर नाही. मेसेज. दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. फोन. वाजून वाजून बंद.

इथे माझ्या व्यवसायाबद्दल सांगायला हवं. मी प्रॉडक्ट सपोर्टमध्ये आहे. एल-थ्री. आमच्याकडे पी-वन तिकीट आलं की पंधरा मिनिटांत माणसाने उत्तर दिलंच पाहिजे, मग तो माणूस लग्नाच्या पंगतीत असो. मी स्वतः माझ्या साखरपुड्यात लॅपटॉप उघडलेला आहे, फोटो आहेत. असा माणूस गिऱ्हाईक झाला की काय होतं? तो मनातल्या मनात घड्याळ लावतो. पहिला दिवस गेला. पाचवा गेला. दहावा. एकोणिसाव्या दिवशी, रात्री एक वाजता, आमच्याकडच्या एका अमेरिकन क्लायंटने त्याच संध्याकाळी मला ज्या भाषेत झापलं होतं त्याच भाषेत मी सरांना मेल लिहिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्या कायद्याप्रमाणे मला पुण्यातच तक्रार करता येते, तुम्हाला इथे यावं लागेल. तुमच्याकडून घेऊ नका असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगेन. आणि शेवटी एक वाक्य, जे मी इथे लिहिणार नाही. ते त्यांच्या कामाबद्दल नव्हतं, त्यांच्याबद्दल होतं.

मेल पाठवला आणि छान झोप लागली. हेच वाईट आहे ना!

दोन दिवसांनी दिवाळीसाठी कोयनेने मिरजेला गेलो. आईचा तानपुरा जरा 'बसला' होता, म्हणजे तार छेडली की नुसता टणत्कार, ती मधमाश्यांसारखी गुंजन करणारी आस येईना. "जवारी काढायला झालीय, चल माझ्याबरोबर," आई म्हणाली. तानपुरा रिक्षात आडवा घेऊन आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो.

मिरजेबाहेरच्यांसाठी सांगतो. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी, म्हणजे तलवारी आणि शस्त्रांना धार लावणाऱ्यांनी, तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. दुरुस्तीतून सुरुवात झाली आणि मग बनवणं आलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, दांडी तुणीच्या लाकडाची. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. सगळे छोटे कारागीर, घराखाली दुकान किंवा दुकानावर घर. कस्टमर केअरचा नंबर कुणाकडेच नाही.

चाचांनी तानपुरा मांडीवर घेतला, एकदा चारी तारा छेडल्या आणि म्हणाले, "बाई, लई दिवसांनी आला." मग तारा सैल करून घोडी पुढे घेतली. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तिचा माथा सपाट दिसतो पण सपाट नसतो, अगदी किंचित उतार असतो. तार त्या उताराला लागून थरथरते म्हणून ती आस येते. वर्षानुवर्षं तार घासून त्यात बारीक चर पडतात, उतार बिघडतो. चाचा कानस फिरवायचे, तार ओढून वाजवायचे, पुन्हा कानस. एका वेळी किती घासत होते? मला तर काहीच दिसत नव्हतं. पाऊण तास हे चाललं. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आणला, आणि अख्खं दुकान भरून गेलं.

मी उगाच विचारलं, "चाचा, हा तुमच्याकडचाच ना?"

"नाही. हे पलीकडच्या दुकानातलं काम. ते म्हातारबा जाऊन बी पंधरा वर्षं झाली."

"मग तुम्हाला कसं कळतं त्यांनी आत काय केलंय?"

चाचांनी माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं. "दिसतंय की सगळं."

आईने तीनशे रुपये दिले, त्यांनी पन्नास परत केले, आणि आम्ही निघालो. मी मात्र दिवसभर त्या 'दिसतंय की'मध्ये अडकलो. म्हातारबा गेले, त्यांचं दुकान बंद झालं, वॉरंटी कार्ड तर कधी नव्हतंच. तरी आईचा तानपुरा पोरका झाला नाही, कारण तो कसा बनतो हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. माझ्या सरांना गल्लीच नाही. एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली. शेजारच्या फ्लॅटमध्ये बँकवाले राहत असतील.

त्याच रात्री सरांचा मेल आला. लांबलचक, इंग्रजीत, बहुतेक एका बोटाने टाइप केलेला. सार असं. आत्तापर्यंत त्यांनी सुमारे दोनशे तीस अ‍ॅम्प बनवले. सुरुवातीला वर्षाला दहा-वीस जायचे, आता पन्नास जातात. पण जितके जास्त विकले तितके जास्त परत येतात. त्या महिन्यात सात आले होते. एक परत आलेला पेटारा उघडून, शोधून, दुरुस्त करून, दोन दिवस चालवून परत बांधायचा म्हणजे निदान एक-दीड दिवसाचं काम, आणि तेवढा वेळ नवा अ‍ॅम्प थांबतो, ज्याचे पैसे आधीच घेऊन खर्च झालेले असतात. पेटी आणि पॅकिंग करणारा मुलगा उन्हाळ्यात सोडून गेला. फोन का उचलत नाही, तर फोन उचलला की सोल्डरिंग थांबतं. पाठवून द्या, डिसेंबरमध्ये करून देतो, पैसे नकोत.

वॉरंटी संपून दोन महिने झालेत, म्हणजे माझ्या कायद्याच्या धमकीत फारसा दम नाही, हे त्यांनी मेलमध्ये कुठेही लिहिलं नव्हतं. आणि माझ्या त्या शेवटच्या वाक्याबद्दलही काही नव्हतं.

झोप येईना म्हणून गणित मांडलं. चव्वेचाळीस हजारांतले साधारण सहा हजार सातशे जीएसटीचे. ट्रान्सफॉर्मर, पेटी, व्हॉल्व्ह, नॉब, बोर्ड धरून बावीस-तेवीस हजार कुठे गेले नाहीत. खोका आणि कुरिअर दोन हजार. राहिले बारा-तेरा हजार. गुणिले पन्नास. त्यातून हत्यारं, जळालेले नग, वीज, खोली. माझा अंदाज थोडा इकडेतिकडे असेल, पण आमच्या टीममध्ये दोन वर्षांपूर्वी लागलेलं पोरगं सरांपेक्षा जास्त कमावतं. आणि आमची कंपनी सपोर्टसाठी काय घेते? लायसन्सच्या किमतीच्या वीस टक्के, दर वर्षी, वेगळे. त्याच दराने सरांनी मला सांगितलं असतं, की बाबा रे, वर्षाला आठ हजार आठशे दे, मी पंधरा मिनिटांत फोन उचलेन, तर मी दिले असते का? डोंबल. मी म्हटलं असतं लुटतात लेकाचे.

म्हणजे चाळीस मिनिटांचा तो रविवारचा फोन मला हवा होता, आणि पी-वनचं घड्याळही हवं होतं, आणि दोन्ही त्या चव्वेचाळीस हजारांतच.

मी माफीचा मेल लिहिला. सकाळी, दात घासायच्या आधी. आणि विचारलं, सर, मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे, मीच उघडून बघू का? उत्तर तासाभरात आलं, हा विक्रमच. 'बघा. पण प्लग काढून दहा मिनिटं थांबा. व्हॉल्व्हच्या सप्लायला १८० व्होल्ट डीसी आहे.'

पुण्याला परत आल्यावर उघडला. (तुम्ही हे घरी करू नका. खरंच. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. मीटरने मोजल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, आणि एक हात खिशात.) दोषी सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रेग्युलेटरच्या आधीचा मोठा कपॅसिटर, डोक्यावर चांगलं टेंगूळ आलेलं. ४७०० मायक्रोफॅरडचा, काढून मोजला तर हजारही भरेना. पाणी आटलेल्या विहिरीसारखा. हे का झालं, तर तो एका तापणाऱ्या हीटसिंकला अक्षरशः चिकटून बसवला होता. नवा घालून, पेटी उघडी ठेवून, थर्मोकपल लावून बघितलं तर ७४ अंश.

आता आळसाचं गणित. तो कपॅसिटर ८५ अंशांवाला, त्या जातीचं आयुष्य ८५ अंशांना साधारण दोन हजार तास. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, हा ठोकताळा. म्हणजे ७५ला चार हजार तास. मी वापरला किती? चौदा महिने, रोज दहा तास. बेचाळीसशे. च्यायला! जीव लावून ऐकलं आणि मारलं. त्याच जागी १०५ अंशांचा, पाच हजार तासवाला कपॅसिटर असता तर याच हिशेबाने चाळीस हजार तास गेला असता. किमतीतला फरक एका वडापावचा.

तो मी तापकीर गल्लीतून आणला. दुकानदाराने न विचारताच "एकशेपाचचा ना?" म्हटलं आणि खोक्यातून काढून दिला. नवा लावला, हीटसिंकपासून दोन सेंटिमीटर लांब, पाय वाढवून. चालू केला. घूं गेला. बायको म्हणाली, "झाला दुरुस्त अठरा हजारांचा डबा?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "की चव्वेचाळीस?" बँकेचं स्टेटमेंट तिलाही वाचता येतं. पुढचा परिच्छेद खाजगी आहे :)

मात्र एका गोष्टीचा राग गेला नव्हता, आणि तो आजही पूर्ण गेलेला नाही. बोर्डवर तीन आयसी आहेत आणि तिन्हींवरचे नंबर पॉलिशपेपरने घासून काढलेले. म्हणजे उद्या त्यातला एक गेला तर मी काय, तापकीर गल्लीतला कसलेला मेकॅनिकही हात टेकेल. चाचांचं 'दिसतंय की सगळं' इथे मुद्दाम दिसू दिलेलं नाही. आणि हे एकट्या माणसाने करावं? उद्या बसखाली आला तर दोनशे तीस डबे एका रात्रीत मुके.

याच्या अगदी उलटं उदाहरण आहे. २०११ साली एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या एका इंजिनिअरने ओ-टू नावाचा हेडफोन अ‍ॅम्प डिझाइन केला आणि सर्किट, भागांची यादी, मोजमापं, सगळं उघड करून टाकलं. भाग बाजारात सहज मिळणारे. कुणीही बनवा, विका, फक्त डिझाइन बदलू नका, एवढीच अट. खरं नाव त्याने कधीच सांगितलं नाही. २०१२ मध्ये तो गप्प झाला, पुन्हा दिसला नाही. कस्टमर सपोर्ट याहून 'मर्यादित' काय असणार? पण त्यानंतर कितीतरी वर्षं जगभरातल्या छोट्या कंपन्या तो अ‍ॅम्प बनवून विकत राहिल्या, आणि तो बिघडला तर सोल्डरिंग येणारं कुणीही दुरुस्त करू शकतं. माणूस गायब आणि गल्ली मात्र शिल्लक.

मी सरांना कपॅसिटरचा फोटो, ७४ अंश आणि वरचं गणित पाठवलं. आणि आयसीबद्दल स्पष्ट विचारलं. तीन दिवस शांतता. मग एक प्रश्न, 'थर्मोकपल कुठे लावला होता?' मी फोटो पाठवला. मग दोन दिवस शांतता. मग फोन! स्वतःहून. म्हणाले, जागा चुकली, पहिल्या शंभर अ‍ॅम्पच्या पेट्या मोठ्या होत्या, पुढे पेटी लहान केली तेव्हा तो कपॅसिटर सरकला आणि उष्णता मोजायची राहिली. मोठ्या कंपनीत असं झालं असतं तर एक माणूस पेटी लहान करतो आणि दुसऱ्या माणसाचं कामच मुळी त्याला हटकणं असतं. इथे हटकणारा कोण? गिऱ्हाईकच. आणि गिऱ्हाईक तर ग्राहक मंचाच्या धमक्या देत होतं.

आयसीबद्दल म्हणाले, "सुरुवातीला नंबर ठेवत होतो. एका माणसाने माझ्याकडून दोन नग घेतले आणि सहा महिन्यांत माझाच बोर्ड निम्म्या किमतीत विकायला लागला. त्यानंतर घासतो." मी म्हटलं, कॉपी करणारा आठवड्याभरात मोजून काढतोच, सर. अडतो तो दुरुस्ती करणारा. ते गप्प बसले. मला वाटलं फोन कट झाला.

आठवड्याने एक लिफाफा आला. कुरिअरने, मेलने नाही. आत अ-तीन कागदावर पेन्सिलीने काढलेलं संपूर्ण सर्किट. तिन्ही आयसींचे नंबर, प्रत्येक ठिकाणी किती व्होल्ट यायला हवेत ते लाल शाईने. खाली इंग्रजीत, 'फक्त तुमच्यासाठी. कृपया कुणाला देऊ नका.' सर्किट बघून मी थोडा हिरमुसलो, तेही कबूल करतो. तीन आयसींपैकी दोन अगदी सर्वसाधारण, तापकीर गल्लीत वीस-तीस रुपयांना मिळणारे. घासण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण आवाज तोच आहे, आणि मला तो आवडतो, आता काय करणार.

त्यानंतर मित्रमंडळींत 'कुठला घेऊ' विचारायला कुणी आलं की मी ब्रँड सांगायच्या आधी प्रश्नच विचारतो. आत काय आहे ते बनवणारा सांगतो का? फोटो मागितला तर झाकण उघडून देतो का? व्हॉल्व्ह नेहमीचा आहे की पन्नास वर्षांपूर्वी बंद झालेला कुठलातरी दुर्मीळ? आणि बाहेरून मागवत असाल तर ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा? हा फार कुणी विचारत नाही. ज्याने मला हेडफोन ऐकवले त्याने चीनमधल्या अशाच एका छोट्या माणसाकडून अ‍ॅम्प घेतला, तो २२० व्होल्टचा. मित्राच्या घरी रात्री २४५ येतात. म्हणजे व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३च्या जागी सात व्होल्ट, दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडून. दर वर्षी व्हॉल्व्ह मारतोय बिचारा, आणि परत पाठवायचा कुरिअरखर्च ऐकून त्याने तो विषयच सोडला.

छोट्या माणसाकडून घेऊ नका असं मी म्हणत नाही. मी पुन्हाही घेईन. फक्त एका माणसाचा वेळ आपण आगाऊ विकत घेतलेला नाही, हे डोक्यात ठेवून घेईन. आणि सर्किट आधी मागेन.

असो. तर तो शनिवार. मुलगा चिंचवडहून आला होता. सरांना त्याने पंधरा दिवसांत अकरा मेसेज केले होते, आणि अकराव्याला उत्तर म्हणून माझा नंबर आणि पत्ता आला. मला विचारलं वगैरे नव्हतं, सरांचा स्वभाव. त्याच्या अ‍ॅम्पचा घूं डाव्याच कानात. मी झाकण न उघडता निदान सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे काय आलं, ते बघून मला उगाचच छाती फुगवाविशी वाटली. कपॅसिटर माझ्याकडे जास्तीचे होते, पाच आणले होते तेव्हाच. पण त्या शनिवारी दुपारी आमचं रिलीज होतं, रविवारी बायकोच्या मावसबहिणीचं डोहाळजेवण, आणि सोमवारपासून माझी ऑन-कॉल पाळी.

बायकोने चहा दिला. तो अर्धा चहा प्यायला आणि धीर करून म्हणाला, "सर, साधारण कधी मिळेल?"

मी खोक्याकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको हात घडी घालून उभी होती. ती मला सांगते की त्या क्षणी माझा आवाजसुद्धा बदलला होता.

"तीन आठवड्यांत देतो," मी म्हणालो.

आज पाचवा आठवडा चालू आहे. पोरगा रोज मेसेज करतोय. हे लिहून झालं की उघडतोच.